उतार

नकाशाच्या घडीवरच आलंय स्किनबेक,
निम्मी अक्षरं झिजून गेलेली.

खडूची टेकडी, खाली ओहोळ.
पूल नाही, गुडघाभर उतार.
चर्च कधी नव्हतंच. मेलेल्याला दोन मैलांवर न्यायचं,
आणि ओहोळ भरला असेल
तर मेलेला थांबतो.

जुन्या दप्तरात अकरा घरं, एक गिरणी,
वर्षाला चाळीस वाम मासे, कर म्हणून.
आज चार धुराडी.
बाकीची प्लेगनं नेली की मेंढ्यांनी,
यावरून विनिफ्रेड गारबट आणि तिच्या दिराचं
एकोणीस वर्षं बोलणं नाही.

जानेवारीत उन्हं कलली
की कुरणात जोत्यांचे चौकोन उठतात.
विनिफ्रेड कुत्र्याला घेऊन त्यांतून जाते;
भिंतीवरून नाही,
दार असेल तिथून.