लाभ

पहिल्या दिवशी निनाद भोईरनं दांडा हातात दिला,
दोन्ही टोकांना पाच-पाच किलोच्या चकत्या.
उचलला.
मग सवयीनं इकडंतिकडं बघितलं
आणि विचारलं, कुठं टाकायचा?
पोरगं हसलं नाही, हे त्याचं चांगलं.
म्हणालं, काका, खालीच. जिथून घेतला तिथंच.

छत्तीस वर्षं मसाला मार्केटात पाठ दिली.
धण्याची गोण, हळदीची गोण,
मिरचीची, तिनं तर डोळे काढले.
प्रत्येकीला जायला एक गाळा होता
आणि प्रत्येकीमागं वाराई.
इथं महिन्याला नऊशे मीच भरतो
आणि लोखंड कुठंच जात नाही.

कोपरखैरण्याला सेक्टर सातमध्ये, डेअरीच्या वर ही जिम.
जिना चढताना तूप कढवल्याचा वास येतो.
हाही व्यायामातच धरायचा का, मी विचारलं नाही.

टिपणीस डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, चौऱ्याण्णव किलो आहात.
मी म्हणलं, आमच्या वेळी एक गोणच शंभराची असायची,
पन्नासचा नियम मागनं आला.
त्या म्हणाल्या, ती गोण तुम्ही उतरवत होता.

निवृत्त झालो तेव्हा हार घातला, नारळ दिला,
टोळीनं फोटो काढला.
भुकेला मात्र कुणी कळवलंच नाही.
ती अजून पहाटे उठते,
अकराला पुन्हा, तीनला पुन्हा,
सहा भाकरींचा हिशोब घेऊन दारात उभी.

तिच्यासाठी घरात इसबगोल आला.
जेवणाआधी अर्धा तास, दोन चमचे, मोठा पेलाभर पाणी.
मला हसू आलं.
उंझ्याची ती भुशी, मार्केटातली सगळ्यात हलकी गोण.
तिच्यावरून आमच्यात भांडणं व्हायची.
गणू ढेबेचा गुडघा गेला
तेव्हापासून ती त्याच्या नावानं ठेवली.
आता तीच पोटात जाऊन फुगते, बसते
मुकादमासारखी, लवकर कुणाला आत सोडत नाही.

दोन महिने नुसत्या भुशीवर काढले.
वजन उतरलं, खोटं कशाला बोलू,
पण मांड्यांची माती झाली.
संडासातून उठताना भिंत धरायला लागलो.
मी. फळीवरून गाडीत चढताना
ज्यानं कधी दोरी धरली नाही.
बाई म्हणाल्या, नुसती भूक दाबली
तर शरीर चरबीबरोबर मांसही खातं.
त्याला काम द्या, आणि कामाचं खाणं द्या.
म्हणून हा दांडा. म्हणून ती डब्यातली पावडर,
वास चॉकलेटचा, चव ओल्या पुठ्ठ्याची.
मालन पाण्यात घुसळून देते.
नात मागते, मिळत नाही, रुसते.
डब्याची किंमत मी वाराईत मोजली.
आकडा मालनला सांगितला नाही.

मोजायचं म्हणजे, निनाद वन, टू म्हणतो.
मला जमत नाही.
आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन.
आजा खळ्यावर तसंच मोजायचा
आणि टोळीत मी.
बारा झाले की दांडा खाली,
मग मिनिटभर
गाडी कुणाचीच लागलेली नसते.

चार महिने झाले. सत्त्याऐंशी.
भूक येते अजून, पण आल्या आल्या ओरडत नाही.
चपला काढून बसते.
परवा ताटात अर्धी भाकरी उरली.
मालननं ती बघितली, मला बघितलं,
माझ्या कपाळाला हात लावला
आणि म्हणली, बरं न्हाई काय?

काल शेजारच्या बाकावर नवं पोर होतं,
कोपरापासून थरथरत.
निनाद त्याच्या डोक्यामागं उभा राहिला,
दांड्याखाली दोन्ही हात धरून.
म्हणाला, चल. लाभ.
मी पाण्याच्या बाटलीचं झाकण
उगाच घट्ट लावत राहिलो.