शटर मिस्त्रीची वही

मी इलाही. शटर मिस्त्री.
स्प्रिंग, पट्टी, कडी, कुलूप, ग्रीस.
ज्याचं दुकान अडकतं तो मला हाक मारतो,
ज्याचं बंद पडतं तो मारत नाही.
हा फरक कळायला मला वीस वर्षं लागली.

मधल्या मारुतीच्या मागं दोऱ्याची गल्ली,
एकतीस शटरं, उघडी बारा.
बाकीच्यांवर पोस्टरं: क्लासेस, भावपूर्ण श्रद्धांजली,
वाढदिवसाचे भाऊ,
एकावर एक चिकटून पुठ्ठा झालेले.
गिऱ्हाईक होटगी रोडला गेलं,
माल मोबाईलमध्ये गेला,
पोरं पुण्याला.
मालक म्हणायचे, गल्लीत आता राम नाही.
मारुती होता.
त्याला कुणी विचारलं नाही.

सुरुवात अंबूबाई येमुलनं केली.
मांडीवरचं सूप न हलवता,
विडीला दोरा गुंडाळत म्हणाली,
"माजी नात क्लासवरनं येताना भिते.
धंदा करू नका तुमी.
नुसतं शटर वर करा,
आत एक बल्ब लावा. बास."

बैठक भरली हिप्परगीच्या रंगाच्या दुकानात.
तेलुगूत सुरू झाली,
कानडीत भांडली,
उर्दूत नरम आली,
आणि ठराव मराठीत लिहिला,
कारण अर्ज मराठीत लागतो.
वीजबिल कुणी भरायचं यावर
रेवणसिद्ध हिप्परगी दोनदा उठून गेला.
दुकान त्याचंच होतं,
म्हणून दोनदा परत आला.

अर्जाला जावक नंबर मिळाला. बाकी काही नाही.
मग गटारावर फरशी आली,
उलटी बसवून माणसं निघून गेली.
आम्ही रविवारी सुलटी केली.

मी घासलेट, तेल, चिंधी घेऊन
एकेका शटरपुढं उकिडवा बसलो.
लोखंडाला राग असतो बगा.
आठ-दहा वर्षं कुणी हात लावला नाही
तर ते पहिल्यांदा ओरडतं.
ओरडू द्यावं.
त्यावर जोर केला की पट्टी मुडते.

कामटमांच्या दुकानाची किल्ली
भिवंडीहून पार्सलनं आली. चिठ्ठी नव्हती.
शटर हातभर उचललं, आत टॉर्च मारला:
मार्च महिन्यावर थांबलेलं कॅलेंडर,
टॉवेलांच्या घड्यांत उंदरांचा संसार,
आणि गल्ल्यावर कबुतराची दोन अंडी.
शटर तसंच हातभर ठेवलं.
पिल्लं उडेस्तोवर थांबायचं,
तशी नोंद ठरावात आहे,
खाली सगळ्यांच्या सह्या,
अंबूबाईचा अंगठा.

पहिला शनिवार.
शेंगाचटणीची अकरा पाकिटं गेली,
कडक भाकरीच्या दोन चळती,
चार चादरी रफू झाल्या,
दर्जी बोळातल्या नसरीननं कॅरमवर
तीन बाप्यांना हरवलं आणि चहा त्यांच्याकडून घेतला.
गिऱ्हाईक म्हणाल तर निम्मे पाहुणेच.
दुसऱ्या शनिवारी त्याहून कमी.
तिसऱ्या शनिवारी पाऊस.
चौथ्याला एक माणूस आला,
अनोळखी,
त्यानं विचारलं, इथं बटणं मिळतील का?
सगळी गल्ली बटणं शोधायला लागली.

माझ्या वहीत लिहून ठेवलंय:
रोज उघडणारं शटर गंजत नाही.
म्हणजे माझी मजुरी मी माझ्या हातानं बुडवली.
बायको म्हणते, शहाणे हाय तुम्ही.
कुठल्या अर्थानं म्हणते, ते मी विचारलं नाही.

परवा अंबूबाईची नात क्लासवरनं आली,
टॉर्च न लावता,
उघडी दुकानं मोठ्यानं मोजत.
एकवीसपर्यंत आली
आणि बंद शटरपुढं थांबून
माझ्याकडं बघितलं.

ग्रीस आहे माझ्याकडं, डबाभर.
किल्ली कुणाकडं आहे,
विचारत फिरतोय.