रविवार वजा करून

बेटावर झाडं नाहीत,
वाऱ्याला टेकायला जागा नाही.
आम्ही सात जण, ओल्या जाकिटांसकट,
एका जुन्या मेंढवाड्यात शिरतो.
इथे आधी लोकर कातरत,
आता सातू भिजतो.

मुर्डिना मॅकरिची हात पुसत बाहेर येते.
मुलगा होणार म्हणून मर्डो हे नाव धरून ठेवलेलं,
झाले मी. मग त्यालाच शेपूट लावलं.
या बेटावर काही वाया घालवत नाहीत.

मोड आलेला दाणा ती तळहातावर ठेवते: चावा.
गोड लागतो, आणि मागाहून धूर.
कोपऱ्यात पीटच्या काळ्या विटा रचलेल्या,
धड कुजलं नाही, धड दगड झालं नाही
असं हजारो वर्षांचं गवत.
हातात घेतली तर वीट हलकी निघते,
आपण उगाच जोर लावलेला असतो.

तांब्याची दोन पात्रं. थोरल्याच्या मानेला पोचा आहे.
आणताना बोटीवर पडलं, ती म्हणते,
सरळ केला तर चव बदलेल.
खरंच बदलते?
माहीत नाही. पण हातोडी कोण मारणार?

काचेच्या कुलूपबंद पेटीत धार पडते.
पहिली ती बाजूला वळवते.
मी म्हटलं, आमच्या भाषेत
पहिल्या धारेची म्हणजे कौतुक असतं.
ती हसली. इथे पहिल्या धारेनं खिडक्या पुसतो.
मधली ठेवायची. शेवटची पुन्हा चुलीवर.
मधली कुठे संपते
ते नाकानं ठरवायचं, घड्याळानं नाही.

मग कोठार. थंड, मातीची जमीन, पिंपांच्या रांगा.
इथे सगळे आपोआप हळू बोलतात.
एका फळीवर तीन पेले.
पहिल्यातली अजून लाकूड न पाहिलेली:
पाण्यासारखी नितळ, पेरूसारखी, आणि चटका.
दुसरीचं आता काही आठवत नाही,
कारण तिसरी ओतता ओतता ती म्हणाली,
बाटलीवर सात लिहिलंय. खरी सहा.

माझे वडील, टॉर्किल, चर्चचे पंच.
रविवारी आमच्याकडे दोरीवर कपडे वाळत नसत,
बागेतल्या झोक्याला साखळी असे.
भट्टी मी रविवारी बंदच ठेवते.
पण त्यांनी विचारलं,
तुझं लाकूड रविवारी काम करतं की नाही?

याला उत्तर नव्हतं.
म्हणून मी दुसरी वही घातली.
प्रत्येक पिंपाचं वय, रविवार वजा करून.
सात वर्षांत रविवार तीनशे पासष्ट,
बरोबर एक वर्ष निघतं. मोजून बघा.

आम्ही मोजलं. निघालं.

आणि पीट? डच सायकलवाल्यानं विचारलं.
त्यांच्याच चरातलं, ती म्हणाली,
स्वतः कापून द्यायचे, पैसे मोजून घ्यायचे.
जळण ते जळण.
थेंब मात्र कधी जिभेला लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात उठवेना तेव्हा म्हणाले,
आण बघू तुझं ते.
मी याच पिंपातली नेली.
पेला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ,
जसा कोणी फोन कानाला धरून
पलीकडच्याचं ऐकत राहतो.
मग म्हणाले, ही वरच्या चरातली नव्हे.
विहिरीपाशी कापलेली. त्या वर्षी मे ओला गेला,
विटा वाळायला फार दिवस लागले.
आणि पेला परत दिला,
होता तेवढाच भरलेला.

मुर्डिनानं बुचं लावली.
पिंपावर खडूनं काहीतरी लिहिलं, पुसलं.
तो वार कोणता होता
ते कोणी विचारलं नाही.

माझ्या पेल्यात अजून घोटभर होती.
मी नाक खाली नेलं.
धूर होता, मीठ होतं, जुन्या औषधाच्या कपाटाचा वास होता.
पुन्हा नेलं.
मे महिना मला सापडला नाही.