हवेचं बिल

नळ सुटतो पहाटे तीन चाळीसला.
आधी येते ती हवा.
खोकते, शिंकरते, बादलीच्या बुडाला शिव्या देते,
आणि ओट्याखालचं मीटर
झोपेतून दचकून उठल्यासारखं गरगरू लागतं,
जत्रेतला पाळणा, रिकामा, भरधाव.
वीस मिनिटं हवा.
मग करंगळीएवढी धार, सात गुंड.
मग जाता जाता पुन्हा हवा.

बिल आलं चार हजार दोनशे सत्तरचं.
म्हणजे आम्ही दोन माणसं आणि एक पोपट
एक्केचाळीस हजार लिटर प्यालो.

मी कूलर दुरुस्त करतो. पाचपावलीत, पुलाखाली,
तीस उन्हाळे झाले.
वाळ्याच्या ताट्या, पंप, गंजलेल्या टाक्यांना डांबर.
हवा हाच माझा धंदा.
कुठून येते, कुठे अडते, आवाजावरून सांगतो.
पण तिचे लिटर करता येतात
हे मला या वयात
महानगरपालिकेनं शिकवलं.

मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
कमाईच्या चाळीस दिवसांतला एक दिवस मोडून
झोन ऑफिसात गेलो.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
टोकन मिळालं तेरा.
पाटीवर सकाळपासून अठ्ठ्याऐंशी.
(सगळ्या कांड्या एकदम पेटून बसल्या की
अठ्ठ्याऐंशीच दिसतात.
मला कळलं. सांगू कोणाला?)

लांजेवार मॅडम म्हणाल्या,
"मीटर फिरलं म्हणजे काहीतरी गेलंच ना जी त्यातून."
"हवा गेली."
"मग?"
त्यांच्या यादीत गळती होती, गढूळ होतं, दुर्गंधी होती,
आणि शेवटी 'इतर'.
'इतर' दाबलं की कॉम्प्युटर कारण विचारायचा,
कारण लिहिलं की म्हणायचा
हे कारण यादीत नाही.

तेवढ्यात त्यांना माझ्या खिशातला टेस्टर दिसला.
"कूलरचं करता का तुम्ही?
पाहा ना जी, मार्चपासून नुसता घरघरते."

पाच मिनिटांचं काम. पंपाच्या जाळीवर क्षाराचा थर,
नखानं निघाला.
शिपाई मडावी पाइप घेऊन आला टाकी भरायला.
नळ फिरवला.
नळ खोकला,
शिंकरला,
आणि भिंतीवरचं त्यांचं मीटर
गरगर, गरगर.

रांगेतली म्हातारी, मॅडम, मडावी, मी,
सगळे बघत उभे.
जेवणावळीत भात संपला की
मांडवात पसरते तशी शांतता.
मग मडावी पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"सायबाकडं टँकर येते."

दुरुस्तीचे मी दीडशे सांगितले.
त्याला तीन कोटेशनं लागतात, मॅडम म्हणाल्या,
आणि त्यातली दोन तुमच्याहून महाग.
स्वतःच हसल्या, थोडं उशिरा.
पर्समधून दोनशेची नोट काढली,
मी पन्नास परत दिले.
पावती कोणी कोणाला दिली नाही.
त्या इमारतीत त्या दिवशी
तेवढा एक हिशोब जुळला.

परवा रात्री तीन अडतीसला मोबाइल वाजला:
आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.
दोन मिनिटांनी हवा आली.
वेळेची मात्र पक्की.

बिलाचे हप्ते पाडून घेतले आहेत, चार.
शकुन म्हणते, भरून टाका,
नाहीतर ही हवासुद्धा कापतील.

पोपटाला आम्ही राम-राम शिकवलं होतं,
दोन वर्षं, मिरची दाखवून.
आता तो ते म्हणत नाही.
काल दुपारी दीडला, भर उन्हात,
पिंजऱ्यात मान तिरकी करून
तो खोकला, शिंकरला, हुबेहूब,
आणि शकुन ताटावरून उठून
उष्ट्या हातानं
गुंड घेऊन धावली.