तीन मिलिमीटरचा कागद

झाकण उघडलं की आधी तोच दिसतो,
सिमच्या खोबणीशेजारी, तीन मिलिमीटरचा,
कोरडा असेतो पांढरा.
ओल लागली की लाल होतो,
आणि परत कधी पांढरा होत नाही.
मला आता भिंग लागत नाही,
गिऱ्हाइकाचा चेहरा पाहूनच कळतं.

सगळे खोटं बोलतात.
पाणी? छे, खिशातच होता. घाम असेल.
एकाने तर धुक्यावर ढकललं,
आणि नोइयात धुकं असं असतं
की मीही क्षणभर विचारात पडलो.

दोसिंदा लोउरिदो खोटं बोलली नाही.
दारातच रबरी बूट पुसले, म्हणाली,
"तो नाही पडला.
मी गेले पाण्यात, तो माझ्याबरोबर आला."
ओहोटीची वेळ, दाताळं वाळूत रुतलं,
तोल गेला, छातीपर्यंत बसली खाडीत.
"तिसऱ्यांची जाळी मात्र डोक्यावर धरली होती!"
का, म्हटलं, तिसऱ्या भिजल्या असत्या?
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग अशी हसली
की मागच्या रांगेतला माणूसही हसायला लागला, काही न कळता.

तांदळात ठेवला होता तीन दिवस.
चौथ्या दिवशी त्याच तांदळाचा
तिसऱ्या घालून भात केला.
"भात छान झाला."

मी आत पाहिलं.
बॅटरी फुगलेली, तांब्यावर हिरवा कळंक,
कॅमेऱ्याच्या काचेमागे वाळूचा एकच कण,
बाहेर पडायला वाट नसलेला.
बिल काढलं. जुनाच घेतलेला, वर्षाची वॉरंटी,
संपून एकोणीस दिवस झालेले.
आणि संपली नसती तरी, मी म्हणालो,
पाण्याला ती नसतेच.
महिन्यातून तीसदा म्हणतो मी हे वाक्य.
कंपनी गिऱ्हाइकाला पाण्यात पाहते, अक्षरशः.

"मग कशाला असते?"
आतल्या आत, आपोआप बिघडला तर.
"आपोआप," ती म्हणाली,
ऐकीव गावाचं नाव घ्यावं तसं.
तिचा हात काउंटरवर होता,
सांधे अक्रोडासारखे,
तेहतीस वर्षं याच खाडीत.
मी बिलाची घडी घातली. अजून दोघं थांबले होते.

दुरुस्तीला एकशे चाळीस युरो, खात्री नाही.
कपाटातला वापरलेला, कोपऱ्यावर चरा, एकशे दहा.
तिने खिशातून मापाची पट्टी काढली.
त्या खाचेतून जी तिसरी निसटते
ती परत पाण्यात सोडायची, असा नियम.
फोनची कड खाचेला लावली,
गेली नाही आत.
"हा तरी पुरता वाढलाय," म्हणाली,
आणि दमट नोटा मोजल्या.

मग नवा फोन म्हणाला, बोट ठेवा.
उचला. पुन्हा ठेवा.
अंगठा, ओळखला नाही. तर्जनी, नाही.
एप्रनला पुसून परत अंगठा. नाही.
वाळूने पुसलेल्या रेषा, त्याला तरी काय दिसणार?
"आधीचाही फक्त रविवारी ओळखायचा," ती म्हणाली.
रविवारी त्या खाडीत उतरत नाहीत.

शेवटी आकडे. मी मान वळवली
तर तिनेच मोठ्यानं सांगितले, शून्य सहा चार शून्य.
उद्याच्या ओहोटीची वेळ.
पण ती रोज बदलते ना?
"मला सांगतोस?
उद्याची तर लक्षात राहील."

जुना ठेवून जाणार का विचारलं.
मान हलवली, नाही.
दोन्ही फोन एप्रनच्या त्याच खिशात टाकले
आणि गेली, फरशीवर ओल्या टाचा उमटवत.

पाणी आत न जाऊ देणारी पिशवी, आठ युरोंची,
माझ्या डोक्यामागेच टांगलेली होती.
सांगायचं राहिलं.