रुमालाखाली

अर्जात मी अर्जदार
आणि अण्णा, तुम्ही सामनेवाले.
आलो मात्र एकाच रिक्षातून.
वाटेत तुम्ही विचारलंत,
राजापुरीचा भाव कितीवर थांबला?

घाटगे वकीलबाईंनी टाईप करून आणलं होतं:
‘सदर इसमास स्वतःचे हित-अहित कळत नाही.’
मी विचारलं, ‘कळत नाही’च्या आधी ‘आता’ घालता येईल?
त्या म्हणाल्या, घातलं तर विचारतील, कधीपासून.

कधीपासून.
आईला जाऊन वर्ष झाल्यावर
तिच्या कपात चहा ओतून ठेवलात, तेव्हापासून?
की सही जुळेना म्हणून चेक परत आला
आणि तुम्ही म्हणालात, बँक बदला?

मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं,
शंभरातून सात गेले, किती राहिले?
तुम्ही म्हणालात, सात कुणाला दिले?
डॉक्टरांनी शून्य लिहिलं.

न्यायाधीशबाईंचा आवाज मऊ होता.
‘आजोबा, तुमचा व्यवहार मुलीनं बघितला तर चालेल?’

मार्केट यार्डात चाळीस वर्षं
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवलेत तुम्ही.
भोवती एवढी माणसं, एवढी पोती,
आकडा फक्त दोन हातांना ठाऊक.
कुठलं बोट म्हणजे किती, मी विचारायची.
पोरींना काय करायचंय, म्हणायचात.
दादाला शिकवलंत.
दादाचं ‘हरकत नाही’ पोस्टानं आलंय.

तुम्ही गप्प.
पंख्याखाली कागद फडफडत होते.
मग शालीखालून तुमचा हात आला,
माझी मधली दोन बोटं धरलीत,
दाबलीत. सोडलीत.
मग नुसती करंगळी.

आकडा होता. नक्की आकडा होता.
हो म्हणत होतात,
नाही म्हणत होतात,
की अजून वाढव म्हणत होतात,
मला ती भाषा येत नाही, अण्णा.

‘सामनेवाले काही बोलत नाहीत,’
लेखनिकानं नोंद घेतली.

अंगठ्यासाठी तुमचा हात मीच धरला.
शाई जांभळी, आणि नखाच्या कडेला
तो जुना पिवळा, कुठल्याच साबणाला न गेलेला.

हुकूम पुढच्या मंगळवारी.
बाहेर विजयनगरच्या कोपऱ्यावर
तुम्ही भडंग मागितलंत.
पैसे तुम्हीच दिलेत, कनवटीचे,
सुटे परत मोजून घेतलेत,
एक रुपया कमी आला म्हणून
त्या पोराशी हमरीतुमरीवर आलात.

मी मध्ये पडले नाही.
हुकूम अजून व्हायचा होता.