नियम चौथा

पंचायत समितीच्या संगणकावर
मी दर हिवाळ्यात तीच नियमावली उघडतो.
तारीख बदलतो, सभापतींचं नाव बदलतो,
बाकी तेच :

वय अठराच्या आत. शाळेचा दाखला.
कानात बिल्ला, खुरकुताची लस टोचलेली.
शिंगांना रंग नको, शेपटीला गोंडा नको,
जनावर जसं आहे तसं आणावं.
(पोट्टे मात्र कोरा सदरा घालून येतात,
घडीची रेघही न मोडलेला.)
दोर सैल धरावा.
परीक्षक आणि जनावर यांच्या मधे उभं राहू नये.
हा तान्हा पोळा नाही, इथल्या नंदीला चाकं नसतात,
शेण पडेल, ते ज्याचं त्यानं उचलावं.
हे शेवटचं मी घातलं. साहेबांनी राहू दिलं.

आणि नियम चौथा :
जनावर स्पर्धकाने स्वतः
किमान सहा महिने सांभाळलेले असावे.

इथे आलो की बोटं थांबतात.
खोलीत कुठूनसा भिजवलेल्या ढेपेचा वास येतो.

सातवीत होतो. बगळी आमची गवळाऊ कालवड,
लांबट तोंडाची, पांढरी,
कापूस वेचून झालेल्या वावरात उभी राहिली
की दुरून बोंड राहून गेल्यासारखी दिसायची.
तिचे गोचीड कुंदा काढायची,
एकेक, नखानं, घासलेटाच्या डबीत टाकायची.
पोट फुगलं तेव्हा ओवा-हिंग घेऊन
रात्रभर गोठ्यात कुंदाच बसली होती.
मी दोनदा शेपूट ओढलं होतं.

फॉर्म एकच आला होता
आणि पेन माझ्या खिशाला होता.
मोरेश्वर अवथळे, असं लिहिलं.
कोणी काही ठरवलं नाही. कोणी काही विचारलंही नाही.

बाजाराच्या मैदानात चुन्याचं रिंगण.
डॉक्टरांनी बगळीचे दात पाहिले,
कातडी चिमटीत धरून सोडली,
मग माझ्याकडे वळले :
"हिले कुठं खाजवलं का मान वर करते?"
"गळ्याखाली," मी म्हटलं.
त्यांनी खाजवलं. बगळी भोंग्याकडे पाहत राहिली.
"बरं. बसते कोन्या अंगावर?"
"उजव्या." मग, "नाही, डाव्या."

दोराच्या पलीकडून, गर्दीतून,
मोठ्यानं नाही, एवढंच आलं :
"डाव्याच. अन् कानामांगं. उजव्या."

बगळी आवाजाकडे वळली.
दोर माझ्या मुठीतून सरकला,
तळव्यावर लाल रेघ उठली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला.
माझ्या नावापुढे एक आडवी रेघ मारली,
रागावले नाहीत.
तिलाही आत बोलावलं नाही,
फॉर्मवर तिचं नाव नव्हतं.
स्टीलची बादली नेहाऱ्यांच्या पोराला मिळाली,
आणि त्याची कालवड खरंच चांगली होती.

परतीचे पाच किलोमीटर दोर कुंदाकडे.
मी मागे, रिकामं पोतं खांद्यावर.
नाल्यावर बगळीला पाणी पाजून झाल्यावर
ती माझ्याकडे न बघता म्हणाली :
"एवढा आवळून नको धरत जाऊ. तिचा कान दुखते."
मी हो म्हटलं.
चुकलो, असं म्हणायचं ते आजवर राहिलंय.
तिच्याकडे मोर्शीला अकरा गाई आहेत आता,
फोनवर आम्ही दुधाच्या फॅटचं बोलतो.

नियम चौथा मी बदलू शकत नाही,
तो वरून येतो.
पण फॉर्मच्या तळाशी आठ वर्षं झाली
एक ओळ टाकतो बारीक टायपात :
घरी आणखी कोण सांभाळतं? त्यांची नावं.
साहेब म्हणाले, याले मार्क किती?
म्हटलं, मार्क नाही, जागा उरली होती.

बहुतेक पोरं ती कोरी सोडतात.
यंदा पिंपळझरीच्या एका पोरीनं
चार नावं लिहिलीत :
आजी, काकू, धाकटा भाऊ,
आणि चौथं, नीट वाचलं तेव्हा कळलं,
कुत्र्याचं.